फोरमन की टायसन? दोन जड हात समोरासमोर आले तर

प्रश्न असा आहे: 1973 चा जॉर्ज फोरमन आणि 1988 चा माइक टायसन, दोघंही ऐन भरात असताना एकमेकांसमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? आणि सनी लिस्टन, अर्नी शेव्हर्स, जो लुई, डिऑन्टे वाइल्डर या बाकीच्या जड हाताच्या मंडळींना त्यात कुठे बसवायचं?

आधी उत्तर देतो, मग वाद घालू. माझ्या मते फोरमन, तिसऱ्या ते सहाव्या राउंडच्या दरम्यान. पहिल्या दोन राउंडमध्ये टायसननेच त्याला आडवा केला असता, तर मात्र मी चकित झालो नसतो. फोरमनच्या बाजूने लोक जे कारण देतात ते मला पटत नाही. 1973 मध्ये फोरमनने हरवलेला जगज्जेता जो फ्रेझर बुटका होता, टायसनही बुटका, फ्रेझर त्या लढतीत सहा वेळा पडला म्हणजे टायसनही पडणार, असं ते गणित. एवढं सोपं असतं तर उंची मोजून निकाल लावला असता, रिंग कशाला बांधायची?

मी बॉक्सिंग शिकवतो आणि दिवसातला बराच वेळ हातात पॅड घालून उभा असतो. पॅडवर हात लगेच ओळखू येतो. काही मुलांच्या पंचाचा आवाज खणखणीत, बघणारे वा म्हणतात, पण पॅड धरणाऱ्याला काही होत नाही. एखाद्याचा आवाज बसका येतो आणि दणका मात्र मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात चढतो. राउंड संपल्यावर पॅड काढून दंड चोळावा लागतो. तो जड हात. तो शिकवून फारसा येत नाही, असलेल्याला फक्त नीट वापरायला शिकवता येतं.

पण जड हातांचंही एक असतं. एका मर्यादेपलीकडे ते सगळे सारखेच. हेवीवेटमध्ये हनुवटीवर नीट बसलेला ठोसा लुईचा असो, शेव्हर्सचा असो की वाइल्डरचा, समोरचा पडायला तो पुरेसा असतो. त्याच्या वरची ताकद वायाच जाते. म्हणून असे दोघं समोरासमोर उभे केले की मी ठोसा दोन्ही बाजूंनी वजा करतो आणि मग काय उरतं ते बघतो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आहे का? मार खाऊन उभं राहायची सवय आहे का? मागे रेटला गेला तर त्याच्याकडे काही करण्यासारखं आहे का? आणि चार राउंड झाले तरी समोरचा उभाच असेल, तर हा काय करतो?

नॉकआउटची टक्केवारी यातलं काहीच सांगत नाही. शेव्हर्सचे 74 विजय, त्यातले 68 नॉकआउट. याहून भारी आकडा शोधायला गेलात तर दमाल. पण 29 सप्टेंबर 1977 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पस्तीस वर्षांचा, उतरणीला लागलेला मोहम्मद अली त्याचे ठोसे खाऊन पंधरा राउंड उभा राहिला आणि गुणांवर जिंकला. दोन वर्षांनी लॅरी होम्सला शेव्हर्सने सातव्या राउंडमध्ये उजव्या हाताने असा पाडला की बघणाऱ्याला वाटावं, संपलं. होम्स उठला आणि अकराव्या राउंडमध्ये त्यानेच लढत संपवली. वाइल्डरचे पहिल्या 40 विजयांपैकी 39 नॉकआउट. डिसेंबर 2018 मध्ये बाराव्या राउंडला टायसन फ्युरी (हा वेगळा बॉक्सर, माइक टायसन नव्हे) पाठीवर सपाट पडला होता, तोही उठला आणि लढत बरोबरीत सुटली. या दोघांचा ठोसा कमी पडला का? मुळीच नाही. ठोशाने काम झालं नाही तर पुढे काय, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

म्हणून या वादात मी नॉकआउटच्या चित्रफिती बाजूला ठेवतो आणि जड हात विरुद्ध जड हात अशा खरोखर झालेल्या लढती बघतो. त्या मोजक्याच आहेत, कारण मॅनेजर लोक अशी जोडी शक्यतो लावत नाहीत. त्यातली सगळ्यात बोलकी म्हणजे 24 जानेवारी 1976 ची, लास व्हेगासमधली फोरमन विरुद्ध रॉन लाइल. 1974 मध्ये किन्शासात मोहम्मद अलीने हरवल्यानंतरची फोरमनची ही पहिली खरी लढत. (मधे टोरोंटोत त्याने एकाच संध्याकाळी पाच जणांशी प्रदर्शनी लढती केल्या, तो तमाशा सोडून द्या.) पहिल्याच राउंडमध्ये लाइलच्या उजव्या हाताने फोरमन हलला. चौथा राउंड तर शांतपणे, आवाज बंद करून बघा. फोरमन पडतो, उठतो. मग लाइल पडतो, उठतो. राउंड संपत येताना फोरमन पुन्हा पडतो, आणि या वेळी तोंडावर. उठताना त्याचे पाय नीट बघा, ते त्याचे राहिलेले नाहीत.

पाचव्या राउंडमध्ये काय होतं? दोघांकडेही बचाव उरलेला नाही. दोघांचे ठोसे एकमेकांना बसतायत. पण फोरमन लाइलला रेटत कडेला नेतो, दोऱ्यांवर धरतो आणि तिथून सुटू देत नाही. लाइल एकेक ठोसा मारून श्वास घेतो, फोरमन मारतच राहतो, शेवटी लाइल पुढच्या पुढे कोसळतो आणि दहा मोजले जातात. ठोसा इथे बरोबरीत होता. निकाल लावला तो फोरमनच्या अंगातल्या रेट्याने आणि दोनदा जमिनीवर जाऊनही पुन्हा पुढेच येण्याच्या वृत्तीने. 1973 मधला फोरमन असा कधी तपासला गेलाच नव्हता. पण ही वृत्ती तीन वर्षांनी एकाएकी उगवलेली नसणार.

याच लाइलने चारच महिने आधी, सप्टेंबर 1975 मध्ये, डेन्व्हरला शेव्हर्सला हरवलं होतं. दुसऱ्या राउंडमध्ये लाइल स्वतः पडला, आणि सहाव्यात त्याने शेव्हर्सला संपवलं. पुन्हा तेच. शेव्हर्सचा ठोसा लाइलपेक्षा जड असेल, आहेच, पण पहिल्या घावात माणूस गेला नाही की शेव्हर्सचा दम सुटायला लागायचा. जेरी क्वारीने तर 1973 मध्ये त्याला पहिल्याच राउंडमध्ये गुंडाळलं होतं, म्हणजे मार झेलण्यातही तो पक्का नव्हता. म्हणून शेव्हर्सला मी या यादीत खाली बसवतो आणि त्याचे चाहते माझ्यावर चिडतात.

आता 'ऐन भर' म्हणजे काय हे ठरवायला हवं, नाहीतर एक जण 1973 च्या फोरमनबद्दल बोलतो आणि दुसरा उतारवयात पुन्हा जगज्जेता झालेल्या 1994 च्या फोरमनबद्दल. मी वर्ष धरत नाही, एक रात्र धरतो. फोरमनची रात्र सोपी आहे: 22 जानेवारी 1973, किंग्स्टन, जमैका, फ्रेझरविरुद्धची. तेव्हा त्याला चोविसावं वर्ष पूर्ण होऊन बाराच दिवस झाले होते. 37 लढती, 37 विजय. टायसनसाठी सगळे 27 जून 1988 ची रात्र धरतात, अटलांटिक सिटीत मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवल्याची. बावीस पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते. पण त्या 91 सेकंदांतून कळतं काय? स्पिंक्स रिंगमध्ये आला तेव्हाच त्याचा चेहरा उतरलेला होता. टायसनच्या अंगात काय होतं ते समजायला मी ऑगस्ट 1987 ची टोनी टकरबरोबरची लढत बघायला सांगतो, आणि त्याआधीची, मार्चमधली, बोनक्रशर स्मिथबरोबरची. दोन्ही कंटाळवाण्या आहेत आणि दोन्हींत खूप काही आहे.

आणि आणखी एक गोष्ट, जी ऐकली की माझी मुलं डोळे मोठे करतात. किंग्स्टनला फोरमनचं वजन आणि अटलांटिक सिटीत टायसनचं वजन जवळजवळ सारखंच होतं, दोघंही 99 किलोच्या आसपास. 'फोरमन राक्षस, टायसन छोटा' हे डोळ्यांना दिसणारं चित्र वजनाच्या बाबतीत खोटं आहे. फरक उंचीचा. फोरमन सहा फूट तीन इंच, टायसन पाच फूट दहा, आणि टायसनची पोच (दोन्ही हात पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंतचं अंतर) फक्त 71 इंच.

किंग्स्टनला नेमकं काय झालं ते सांगतो, कारण सगळा वाद त्या दीड राउंडवर उभा असतो. सट्टेबाजांचा कौल फ्रेझरकडे होता. तोही अजिंक्य, 29 विजय, अलीला पाडून आलेला. फ्रेझर पहिल्यापासून झुलत झुलत पुढे येतो. फोरमन त्याला अडवण्यासाठी ठोसा मारत नाही, हात लावतो. उघडे पंजे पुढे करून फ्रेझरच्या खांद्यावर, दंडावर टेकवतो आणि त्याला हातभर मागे सारतो. कुस्तीत पटात शिरणाऱ्याची मान दाबून त्याला जसं अडवतात, तसं. फ्रेझरचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, ज्या अंतरावरून सुटतो, ते अंतर त्याला मिळतच नाही. तो मागे सारला गेला की फोरमनच्या लांब हातांना हवी तेवढीच जागा तयार होते, आणि मग उजवा अपरकट खालून येतो, कारण झुलणाऱ्या माणसाचं डोकं खालीच असतं. पहिल्या राउंडमध्ये तीन वेळा, दुसऱ्यात तीन वेळा फ्रेझर पडला. एका ठोशाने तर त्याचे पाय कॅनव्हासवरून उचलले गेले. दुसऱ्या राउंडचा एक मिनिट 35 सेकंद झाला तेव्हा रेफरी आर्थर मर्कांटेंनी लढत थांबवली.

सरळ सांगायचं तर तो सगळा खेळ ढकलण्याचा होता. ठोसा नंतर आला. आमच्याकडे जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत एखादं पोर असं ढकलायला लागलं तर रेफरी ताकीद देतो, पुन्हा केलं तर गुण जातात. नियमाने ढकलणं फाउलच आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र ते रेफरीच्या मर्जीवर. म्हणून फोरमन-टायसन लढतीबद्दल मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, रेफरी कोण? कडक रेफरी असेल आणि पहिल्या राउंडपासून 'हात काढ' म्हणत असेल, तर फोरमनचं निम्मं हत्यार गेलं. मग माझा कौलही डळमळतो. तीन नॉकडाउनचा नियम (एकाच राउंडमध्ये तीनदा पडला की लढत संपली) आहे की नाही, हेही आधी ठरवावं लागेल. किंग्स्टनला तो असता तर फ्रेझरची लढत पहिल्याच राउंडमध्ये संपली असती. दोन तुफान सुरुवात करणाऱ्यांमध्ये हा नियम कुणाचाही घात करू शकतो.

आता टायसन. तो फ्रेझर नाही, हे फोरमनवाल्यांनी लक्षात घ्यायला हवं. फ्रेझर सावकाश तापायचा, त्याच्या झुलण्याला एक ठरावीक ताल होता आणि हत्यार मुख्यतः एकच, डावा हुक. 1988 पर्यंतचा टायसन पहिल्या घंटेपासून पेटलेला असायचा. ट्रेनर कस डमाटोने शिकवलेलं आणि डमाटो गेल्यावर केविन रूनीने राखलेलं ते तंत्र: दोन्ही ग्लोव्ह गालाला लावलेले, डोकं डावीकडे-उजवीकडे, आणि मुख्य म्हणजे पाय. टायसन जॅबच्या मागून उडी घेऊन आत येतो आणि सरळ समोर न थांबता किंचित बाजूला उतरतो. त्या बाजूने उजवा हात बरगडीत आणि त्याच हाताने लगेच अपरकट. हाताची जागा बदलत नाही, फक्त गुडघे सरळ होतात. पोरांना हे शिकवायला महिने जातात आणि शिकले तरी त्यातले बरेच जण पहिला ठोसा मारून थांबतात, कारण दुसऱ्यासाठी आत थांबायला छाती लागते.

फोरमनला 1973 पर्यंत अशा वेगाचं कुणीच भेटलं नव्हतं. त्याचे कोपर अंगापासून लांब, बरगड्या उघड्या, डोकं फार हलत नाही. लाइलचा उजवा हात त्याला बसला, अलीचा तर रात्रभर बसत होता. टायसनचे पहिल्या राउंडमधले तीन-चार ठोसे फोरमनला बसणारच. हे न मानणारा फोरमनचा भक्त आहे, अभ्यासक नाही.

हनुवटीबद्दलही टायसनवर अन्याय होतो. टकर सहा फूट पाच इंचांचा. पहिल्याच राउंडमध्ये त्याचा डावा अपरकट टायसनच्या हनुवटीखाली असा बसला की टायसन मागे सरकला. पडला नाही, पुढे बारा राउंड लढला आणि जिंकला. 1991 मध्ये, म्हणजे ऐन भर ओसरल्यावर, रेझर रडॉकच्या डाव्या हाताने त्याला दोन लढतींत भरपूर खायला घातलं. तरी टायसन एकदाही जमिनीवर गेला नाही, रडॉकच गेला. टोकियोत बस्टर डग्लसने त्याला पाडलं ती फेब्रुवारी 1990 ची गोष्ट, दहाव्या राउंडची, रूनी गेल्यानंतरची, तयारीविना उतरलेल्या टायसनची. ती रात्र या वादात आणायची असेल, तर मग फोरमनचाही किन्शासातला आठवा राउंड आणा, हिशेब बरोबर होईल.

मग माझा कौल फोरमनकडे का? बोनक्रशर स्मिथच्या लढतीमुळे. स्मिथ चांगल्यापैकी घाबरला होता. त्याने टायसनला बाराही राउंड कवटाळून धरलं. आणि टायसनने काय केलं? फार काही नाही. धरलं गेलं की तो थांबायचा, रेफरीची वाट बघायचा. आतल्या अंगाच्या हाणामारीत तो लोक समजतात तितका चांगला नव्हता. त्याचं राज्य आत शिरतानाच्या त्या एका क्षणावर होतं. शिरला, तीन-चार ठोसे, बस. त्यानंतर दोघं चिकटले की टायसनचं काम थांबतं. फोरमन धरत नाही, पण त्याहून वाईट करतो, बाहेर फेकतो. प्रत्येक वेळी बाहेर फेकल्यावर टायसनला पुन्हा ते सगळं अंतर कापून आत यावं लागणार, पुन्हा डोकं खाली घालून, आणि खालून तो अपरकट तयार. टायसनला मागे रेटणारा प्रतिस्पर्धी त्याच्या चांगल्या दिवसांत मिळालाच नाही. मागच्या पायावर गेलेला टायसन म्हणजे निम्मा टायसन, हे डग्लसने आणि पुढे होलिफील्डने दाखवलं. ऐन भरातल्या टायसनचंही तंत्र तेच होतं, ते पुढे येण्यासाठीच बांधलेलं होतं. वय वाढलं म्हणून त्यात हा दोष आला नाही.

एक सार्वत्रिक समज असा की लढत लांबली की फोरमन दमणार आणि टायसन जिंकणार. फोरमन दमायचा हे खरं. किन्शासाच्या आधीच्या त्याच्या तीन जगज्जेतेपदाच्या लढती, फ्रेझर, रोमान, नॉर्टन, मिळून पाच राउंडही पूर्ण भरत नाहीत. लांब लढतीची सवयच मोडली होती. 1977 मध्ये जिमी यंगने त्याला बारा राउंड दमवून हरवलं. पण फोरमनला दमवलं कुणी? दोऱ्यांवर टेकून ठोसे फुकट घालवायला लावणाऱ्या अलीने, आणि निसटत्या, हुशार यंगने. टायसन यातलं काहीच करणार नाही. तो पळणार नाही, टेकणार नाही, तो येणार. समोर येणाऱ्या माणसाने फोरमनला दमवल्याचं मला तरी एकही उदाहरण माहीत नाही. उलट चौथ्या राउंडनंतर टायसनचेही ठोसे कमी होत जायचे, एकेक मोठा ठोसा शोधायचा तो.

गंमत म्हणजे हे दोघं एका रात्री एकाच कार्यक्रमात लढलेही आहेत. 16 जून 1990, लास व्हेगास. टायसनने हेन्री टिलमनला पहिल्या राउंडमध्ये संपवलं, चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या फोरमनने अडिल्सन रॉड्रिग्जला दुसऱ्यात. तेव्हा ही जोडी लागणार अशी चर्चा जोरात होती. लागली नाही.

आता बाकीचे. लिस्टनबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं, कारण त्याला लोक 1964 च्या मियामीतल्या अलीविरुद्धच्या लढतीवरून ओळखतात, स्टुलावर बसून राहिलेला माणूस म्हणून. त्याचा ऐन भर जगज्जेता व्हायच्या आधीच होऊन गेला होता, 1958 ते 60. त्याची जन्मतारीखसुद्धा धड कुणाला ठाऊक नाही, तेव्हा त्या वेळी तो किती वर्षांचा होता हे सोडून द्या. 1959 आणि 60 मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सशी दोन लढती झाल्या. विल्यम्सचा हात त्या काळात कुणाहून कमी जड नव्हता. पहिल्या लढतीत त्याने लिस्टनला चांगले दणके दिले, लिस्टनने ते पचवले आणि तिसऱ्या राउंडमध्ये त्याला संपवलं. दुसऱ्या खेपेला दोनच राउंड लागले.

हे कशाच्या जोरावर? जॅबच्या. लिस्टनची पोच 84 इंच आणि त्याचा जॅब म्हणजे इतरांचा क्रॉस, मागच्या हाताचा जोरदार सरळ ठोसा. जॅब लागला की समोरच्याचं डोकं मागे जायचं आणि पाय जागेवर राहायचे. अशा माणसावर उजवा हात मारायला काही मोठी कला लागत नाही. जड हाताच्या बॉक्सरांमध्ये इतका चांगला जॅब आणखी कुणाकडे असेल तर लुईकडे आणि पुढे लेनॉक्स लुईसकडे. म्हणून 1959 चा लिस्टन आणि 1973 चा फोरमन अशी जोडी लावली तर मी लिस्टनच्या बाजूने झुकतो. फोरमन तरुणपणी त्याचा स्पारिंग पार्टनर होता, दोघांचा ट्रेनर एकच, डिक सॅडलर. रिंगमध्ये आपल्याला मागे रेटणारा एकच माणूस भेटला, तो लिस्टन, असं फोरमन स्वतः सांगायचा. तेव्हा फोरमन कच्चा होता आणि लिस्टन म्हातारा, म्हणजे दोन्हीकडून सूट द्यावी लागेल. पण फोरमनच्या उघड्या पंजांच्या मधून लिस्टनचा जॅब आत जाताना मला स्पष्ट दिसतो.

लिस्टन विरुद्ध टायसन? लिस्टन, सहा-सात राउंडमध्ये. टायसनच्या डोक्याची हालचाल जॅब चुकवायलाच होती हे मान्य, पण लिस्टन एक जॅब चुकला म्हणून थांबणारा नव्हता.

जो लुईचं काय करायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न. ठोसा मारण्याचं शास्त्र म्हणून बघायचं तर या सगळ्यांत तोच पहिला. वीतभर अंतरातून दोन्ही हातांनी, एकही हालचाल वाया न घालवता. 22 जून 1938 ला यांकी स्टेडियमवर मॅक्स श्मेलिंगला त्याने 124 सेकंदांत संपवलं ते बघा. मी मुलांना दाखवतो तेव्हा फक्त त्याचे कोपर बघायला सांगतो. पण लुईचं वजन होतं नव्वद किलोच्या आसपास, पाय मंद, आणि तो पडायचा. ब्रॅडॉकने पाडलं, गॅलेंटोने पाडलं, बडी बेअरने तर दोऱ्यांबाहेर टाकलं. तिन्ही वेळा तो परत आला आणि जिंकला. टायसनसमोर मात्र पडून सावरायला वेळ मिळाला नसता असं मला वाटतं. पहिले तीन राउंड निघाले तर लुई, आणि माझ्या अंदाजाने ते निघत नाहीत. यावर माझंच मत दर दोन वर्षांनी बदलतं, तेव्हा फार जोर देत नाही.

पन्नासच्या दशकातला जगज्जेता रॉकी मार्सियानो 85 किलोंच्या आतबाहेर, 49 लढती अजिंक्य. त्याच्या काळच्या वजनात तो कुणालाही भारी पडला असता. या लोकांत त्याला घालणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या नावाने झालेला एक प्रकार मात्र सांगायलाच हवा. 1969 मध्ये मियामीच्या एका निर्मात्याने मार्सियानो आणि अली यांना खरोखर रिंगमध्ये उतरवून खोट्या लढतीचं चित्रीकरण केलं. निकाल संगणक ठरवणार अशी जाहिरात होती. मार्सियानोने त्यासाठी वजन घटवलं, डोक्यावर टोप घातला. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, 31 ऑगस्टला, तो विमान अपघातात गेला. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत ते दाखवलं गेलं तेव्हा तेराव्या राउंडमध्ये मार्सियानो नॉकआउटने जिंकला. युरोपात जी प्रत दाखवली तिच्यात अली जिंकला. तेव्हा कुणी तुम्हाला कॉम्प्युटर गेमचा निकाल पुरावा म्हणून पाठवला तर हे सांगा.

वाइल्डरवर फार शब्द घालवत नाही. उजवा हात असा की या यादीतल्या कुणालाही झोपवेल. पण मागे रेटला की तो उरत नाही, फेब्रुवारी 2020 मध्ये फ्युरीने हे सात राउंडमध्ये दाखवलं. फोरमन आणि लिस्टन दोघांचाही धंदाच मागे रेटण्याचा. वाइल्डर विरुद्ध शेव्हर्स ही लढत मात्र मी तिकीट काढून बघेन. दोघांकडेही दुसरी योजना नाही, त्यामुळे ठोसा वजा केला तर काहीच उरत नाही आणि माझी पद्धतच तिथे बंद पडते. नाणं उडवा.

लेनॉक्स लुईसला लोक जड हातांत धरत नाहीत, कारण तो सावध लढायचा. धरायला हवं. 2002 मध्ये मेम्फिसला त्याने टायसनला आठव्या राउंडमध्ये संपवलं, पण तो टायसन आपला टायसन नव्हे. तरीही एवढी उंची, जॅब आणि उजवा अपरकट हे सगळं 1988 च्या टायसनलाही जड गेलं असतं. पण हाच लुईस मॅकॉल आणि रहमान यांच्या एकेका उजव्या हाताने झोपलेला आहे. त्यामुळे पैज लावणार नाही.

फोरमन-टायसनवर माझा कौल चुकवायचा असेल, तर टायसनच्या कॉर्नरमध्ये काय सांगायचं ते मला माहीत आहे. हनुवटी शोधू नकोस. पहिल्या राउंडमध्ये डोक्याकडे बघूसुद्धा नकोस. फोरमन ढकलण्यासाठी दोन्ही हात पुढे करतो तेव्हा त्याच्या बरगड्या पूर्ण उघड्या असतात, तिथे उजवा हात घाल आणि त्याच्या डाव्या खांद्याबाहेर निघून जा. समोर थांबू नकोस, त्याच्या पंजांना तुझे खांदे सापडता कामा नयेत. त्याने ढकललंच तर सरळ मागे जाऊ नकोस, बाजूला फिर, कारण अपरकट सरळ रेषेतच येतो. आणि रेफरीकडे मी कॉर्नरमधून पहिल्या ढकलण्यापासून ओरडत राहीन, तू तिकडे बघू नकोस. रूनी असता तर त्याने टायसनकडून हे करून घेतलं असतं, निदान दोन राउंड तरी. तिसऱ्या राउंडला टायसन पुन्हा हनुवटी शोधायला लागला असता असं मला वाटतं, म्हणूनच तिसऱ्यापासून पुढे मी फोरमन म्हणतो.